शेवटी जाणारा रंग

तांबरी नदी निवळली, त्या दिवशी उंबरगीच्या लोकांना कळलं की आपल्या पुलाखाली खडक आहेत.

गेली कित्येक वर्षं या नदीला स्वतःचा असा रंगच नव्हता. गावातले प्रोसेसवाले ज्या दिवशी जे कापड रंगवत, त्या दिवशी ती तो रंग नेसायची. बाजारात मोरपंखी चालली की नदी मोरपंखी, राणी रंगाची मागणी आली की नदी राणी रंगाची. पाहुण्यारावळ्यांना गावकरी थट्टेनं सांगत, "यंदा कुठला रंग खपतोय ते आमच्या नदीला विचारा." आणि आता ती तळापर्यंत आरपार दिसत होती. पुलावर जत्रेसारखी गर्दी लोटली होती. म्हातारी माणसं कठड्यावरून वाकून बघत होती आणि पोरं हौसेनं खडे टाकून ते तळाशी जाईपर्यंत न्याहाळत होती.

त्या गर्दीत डॉ. पद्मिनी बिरनाळे उभी होती. हे सगळं तिनं केलं होतं, पण फार थोड्या लोकांना ती चेहऱ्यानं माहीत होती. तिचा थोरला भाऊ भूपाल मात्र सगळ्यांना माहीत होता. बिरनाळे प्रोसेसर्सचा मालक, रंगकारखानदारांच्या संघाचा अध्यक्ष. तो वाट काढत तिच्याजवळ आला.

"पमा, तो काळा खडक बघ. अण्णा सांगायचे, लहानपणी त्याच्यावरनं उड्या मारायचे म्हणून. मला वाटायचं, थापा मारत्यात."

पद्मिनी हसली. अण्णांचं नाव दोघांमध्ये इतक्या सहजपणे बऱ्याच वर्षांनी आलं होतं.

कॉलेजात असताना एकदा ती सुट्टीला घरी आली आणि भर जेवणात वडिलांना म्हणाली होती, "अण्णा, तुमच्या कारखान्याचं पाणी खालच्या गावांना मारतंय." त्यातला 'तुमच्या' हा शब्द अण्णांना फार लागला. ते ताटावरून उठले. भूपाल भडकून म्हणाला होता, "ज्या रंगावर शिकलीस, त्यालाच नावं ठेवतीस?" त्यानंतर पद्मिनीचं घरी येणं दिवाळीपुरतं उरलं. ती बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानात रमली, अण्णा गेले, कारखाना भूपालनं वाढवला. बहीणभावात भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. मग एका दिवाळीला तिनं पिशवीतून तळहाताएवढी एक तपकिरी फरशी काढून त्याच्यासमोर ठेवली. "दादा, ही तुझ्या नाल्यात बसवू दे." भूपालनं फरशी उलटसुलट करून पाहिली आणि इतकंच म्हणाला, "किती लागतील?"

त्या फरशीवरचा थर पेरोव्हस्काइटचा होता. पेरोव्हस्काइट हे एखाद्या पदार्थाचं नाव नव्हे, ती अणूंची एक मांडणी आहे. एक चौकोनी डबी कल्पावी. तिच्या आठ कोपऱ्यांवर एका धातूचे अणू, मधोमध दुसऱ्या धातूचा अणू आणि सहाही बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन. अशा डब्यांवर डब्या रचत गेलं की त्याचा स्फटिक होतो. गंमत अशी की कोपऱ्यावरचा धातू बदलला, मधला बदलला, की स्फटिकाचा स्वभावच पालटतो. पद्मिनीच्या स्फटिकात कोपऱ्यांवर बिस्मथ होतं आणि मध्ये लोखंड. प्रकाशाचा कण त्यावर पडला की आतला एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. ती पोकळी भुकेली असते. शेजारच्या पाण्याच्या रेणूतून ती इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्या पाण्यापासून एक अतिशय चळवळा, क्षणजीवी तुकडा तयार होतो. तो समोर येईल त्याचे लचके तोडतो, मग तो रंगाचा रेणू असो की जिवाणूचं कवच. असे घाव बसत राहिले तर शेवटी रंगाचा कार्बन डायऑक्साइड होतो, पाणी होतं, थोडे क्षार उरतात. जुने उत्प्रेरकही हे करत, पण त्यांना अतिनील किरण लागत, आणि ते उन्हात मुळात मूठभर. पद्मिनीच्या स्फटिकाला साधा, डोळ्यांना दिसणारा उजेड पुरत होता.

भूपालनं आधी स्वतःचा नाला दिला आणि मग संघातल्या एकेकाला गाठून, कुणाला समजावून, कुणाला दटावून, सगळ्या कारखान्यांचं पाणी एका उथळ, रुंद कालव्यात आणलं. फरश्यांनी मढवलेला तो कालवा गावाबाहेरच्या माळावरून उन्हात वळणं घेत नदीला मिळत होता. तोंडाशी एक दरवाजा होता. त्यावरचा कॅमेरा पाण्याचा रंग बघे आणि रंग पूर्ण गेला की दरवाजा आपोआप उघडे. उरलेलं सेंद्रिय द्रव्य तपासायला पाण्याचे नमुने अधूनमधून शहरातल्या प्रयोगशाळेत जात. सगळे अहवाल उत्तम आले होते.

खालच्या अंगाला असलेल्या बेलवाडीच्या आरोग्य केंद्रातून डॉ. नसीम मुजावर यांनी मुद्दाम फोन केला. "पद्मिनीताई, जुलाबाचे पेशंट इतके कमी झालेत की आमचे कंपाउंडर पेपर वाचत बसतात. तुमच्या फरश्या जंतू मारतात हे वाचलं होतं, आता बघतेय."

हिवाळा गेला, उन्हाळा आला. बेलवाडीच्या बाया नदीवर धुणं धुऊ लागल्या. पोरं पोहायला शिकली. सरकारनं हा कालवा इतर गावांसाठी नमुना म्हणून निवडला आणि पाहणीसाठी पथक येणार असल्याचं कळवलं. भूपालच्या छातीवर जणू पदक लागलं. आणि वैशाखात वळिवाचं आभाळ आलं. पाऊस पडेना, पण ढग हटेनात. सलग काही दिवस ऊन असं पडलंच नाही.

त्याच दिवसांत बेलवाडीत एक लग्न होतं. टँकर वेळेवर आला नाही, तेव्हा नवऱ्यामुलाच्या वडिलांनी, ज्ञानू शेळक्यांनी, कालव्याच्या तोंडाशी पंप लावून पाणी आणलं. त्याचंच सरबत झालं. पाणी काचेसारखं होतं, मग कोण कशाला शंका घेईल? पंगती उठता उठता एकेकाला घेरी येऊ लागली. कुणाचे ओठ निळसर पडले, कुणाची नखं. एक लहान मुलगी तर मांडवातच कोसळली.

डॉ. नसीम यांचा निरोप मिळून पद्मिनी बेलवाडीला पोचली तेव्हा आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात नव्या लुगड्यांतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत डॉ. नसीम त्या मुलीच्या शिरेत सावकाश औषध सोडत होत्या. सिरिंजमधलं औषध गडद निळं होतं.

"ऑक्सिजन लावला, तरी निळेपणा जाईना," डॉ. नसीम मान न वळवता म्हणाल्या. "रक्त काढलं तर चॉकलेटसारखं. तेव्हा ओळखलं. रक्तातलं लोह बिघडलंय, त्याला ऑक्सिजन पोचवता येत नाही."

"हे औषध कुठलं?"

"मिथिलीन ब्लू. जिल्ह्यातनं गाडी धाडून मागवलं."

पद्मिनी त्या निळ्या द्रवाकडे बघत राहिली. हा तर रंग! उत्प्रेरक चालतो की नाही हे पारखायला तिनं प्रयोगशाळेत हाच रंग असंख्य वेळा पाण्यात घालून नाहीसा केला होता. इथं तो एका पोरीचा जीव वाचवत होता. बघता बघता मुलीच्या ओठांवर लाली परतली. तिनं डोळे उघडले आणि आईला हाक मारली. बाहेर कुणीतरी मोठ्यानं रडू लागलं, पण ते सुटकेचं रडणं होतं.

"बाकीचेही बरे होतील," डॉ. नसीम हात पुसत म्हणाल्या. "पण मला एक सांगा. अशी लक्षणं अ‍ॅनिलिनच्या जातीच्या रसायनांनी होतात. या गावात अ‍ॅनिलिन आलं कुठून?"

पद्मिनीला उत्तर ठाऊक होतं. नमुन्यांची तपासणी व्हायच्या आधीच तिला ते कळून चुकलं होतं. गावात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक रंगांच्या रेणूत रंग दाखवणारा मुख्य दुवा असतो नायट्रोजनच्या दोन अणूंमधला. उत्प्रेरकाचा पहिला घाव तिथंच बसतो. दुवा तुटला की रंग गेला. पण रेणू तेवढ्यानं संपत नाही. त्याची दोन शकलं, अ‍ॅनिलिनच्याच जातीची, बिनरंगी होऊन पाण्यात तरंगत राहतात, आणि मूळ रंगापेक्षा ती शकलंच जास्त विषारी असू शकतात. कडक उन्हात पुढचे घाव बसून त्यांचाही निकाल लागतो. ढगाळ उजेडात पहिला घाव तेवढा बसतो. कॅमेऱ्याला रंग दिसत नाही आणि दरवाजा उघडतो. नमुने नेमके उन्हाच्या दिवसांत घेतले गेले होते.

तिथूनच तिनं भूपालला फोन केला. "दादा, दरवाजा बंद कर. हातानं. आणि मशिनंही थांबव."

"अगं पण पाणी निवळशंख आहे! मी आत्ता बघून आलोय."

"निवळ आहे, शुद्ध नाही."

पलीकडून भूपालचा आवाज आला, कालव्यावरच्या माणसाला ओरडून दरवाजा पाडायला सांगणारा.

दुसऱ्या दिवशी पद्मिनी भूपालला घेऊन बेलवाडीच्या शाळेत गेली आणि जमलेल्या गावाला तिनं जे झालं ते सरळ सांगितलं. ज्ञानू शेळके उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त बोचला.

"बाई, पहिली नदी घाण होती, पण तसं दिसत तरी होतं. आमच्या गुरांनापण कळायचं. तुम्ही तिला घाण लपवायला शिकवलं."

परतताना गाडीत भूपाल म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. माणूस तापलाय. आपण चांगले मीटर बसवू. आत काय उरलंय ते क्षणाक्षणाला कळेल."

"मीटर बसवूच. पण मीटर ऑफिसात असतो दादा, आणि पाणी घाटावर. धुणं धुणारी बाई मीटर बघायला कुठं जाणार?" ती खिडकीतून बाहेर बघत होती. "शेळके बरोबर बोलले. रंग हा इशारा होता. आपण विष जायच्या आधी इशाराच पुसून टाकला. मला तो परत घालायचाय."

"काय घालायचंय?"

"रंग. पाण्यात एक रंग मुद्दाम सोडायचा. अंगाला, पोटाला निरुपद्रवी, पण चिमूटभरानं दिसेल असा. आणि तोडायला सगळ्यांत अवघड. बाकीची सगळी शकलं संपल्यावरच जो जाईल. म्हणजे पाणी रंगीत दिसलं की समजायचं, अजून काम व्हायचंय. तो गेला की सगळं गेलं."

भूपालनं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. "दहा-बारा वर्षं रंग काढायला शिकलीस, आणि आता नदीत रंग घालणार? पथक यायचंय, पमा! लोक काय म्हणतील? संघातले माझी कातडी सोलतील."

"सोलतील."

"आणि असला रंग मिळणार कुठं? उन्हात न विटणारा, पण शेवटी विटणारा. न निघणारा, पण..." बोलता बोलता तो अडखळला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली होती, पण ती रागाची नव्हती. कठीण शेड जमवायला बसला की अण्णांच्या कपाळावर अशीच आठी पडायची. "पक्क्या रंगाचंच तर आयुष्य काढलंय मी," तो स्वतःशीच पुटपुटला. "कच्चा कसा करायचा तेही येईलच की."

पुढचं वर्ष दोघांनी कारखान्यामागच्या शेडमध्ये काढलं. भूपालनं आणलेला पहिला रंग इतका लवकर गेला की पद्मिनीची शकलं तशीच मागं राहिली. दुसरा काही केल्या जाईचना. "हा तुझ्या सदऱ्याला दे," ती म्हणाली, तेव्हा भूपाल खूप दिवसांनी खदखदून हसला. तिसरा फरशीलाच चिकटून बसला आणि उजेड अडवू लागला. ती रेणूचं चित्र काढून सांगायची की इथं घाव बसतो, ही बाजू झाकायला हवी. तो म्हणायचा, चित्र राहू दे, असं वागणारा रंग मी एकदा छत्रीच्या कापडाला वापरला होता. मग दोघं त्यावरून वाद घालायची आणि वादातून पुढची कृती निघायची. मधल्या काळात कालव्याचं पाणी मोठ्या टाक्यांत साठवून फक्त उन्हाच्या दिवसांत सोडलं जात होतं, तेही पूर्ण तपासून. रात्रीसाठी आणि ढगाळ दिवसांसाठी दिवे लावता आले असते, पण एवढ्या पाण्याला पुरेल इतकी वीज लावायची तर कापड सोन्याच्या भावानं विकावं लागलं असतं.

शेवटी एक जांभळा रंग जमला. पिकल्या जांभळाच्या गराचा असतो तसा. डॉ. नसीम यांनी तो सहजासहजी मान्य केला नाही. तज्ज्ञांकडून प्राण्यांवरच्या, माशांवरच्या तपासण्या पूर्ण करून घेतल्या, तेव्हा कुठं होकार दिला. आणि बेलवाडीला तो समजावून सांगायला त्या स्वतः पद्मिनीबरोबर आल्या. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. जांभळं असेल तर शिवायचं नाही, जांभळं गेलं तर भ्यायचं नाही.

ज्ञानू शेळक्यांनी विचारलं, "आणि तुम्ही रंग सोडलाच नाही तर?"

"रंग सोडायची टाकी कालव्याच्या वरच्या टोकाला आहे," पद्मिनी म्हणाली. "तिथं कालवा रोज आधी जांभळा व्हायलाच हवा. कुलपाची एक किल्ली संघाकडे, एक तुमच्या गावाकडे. येऊन बघत जा."

ते येऊन बघत गेले. सुरुवातीला रोज, मग अधूनमधून.

लांबलेलं पाहणी पथक आलं ते श्रावणात. त्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं. सकाळीच संघाचे चिटणीस शशिकांत खोत भूपालच्या ऑफिसात आले. पद्मिनी तिथंच होती.

"दादा, आजच्या दिवस रंग नको," खोत म्हणाले. "टाक्यांत तपासलेलं चांगलं पाणी आहे, तेच सोडू. निवळ दिसेल. खोटं काही नाही त्यात. पथकानं नापास केलं तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. किल्ली भावाच्या टेबलावर होती. पद्मिनीनं ठरवलं होतं की हे त्यानंच ठरवायचं.

भूपालनं किल्ली उचलली. "शशी, आज आपण निवळ पाणी दाखवलं, तर ते इथनं काय शिकून जातील? निवळ पाणी दाखवायला." तो उठला. "चल, माझ्याबरोबर ये. टाकीची झडप जड आहे."

पथकाच्या प्रमुख सुलभा येमूल होत्या. त्या स्वतः दुसऱ्या एका कापडगावच्या नगराध्यक्षा, हातमागवाल्यांच्या घरातल्या. कालव्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी पाहिलं, तर पाणी जांभळं, दरवाजा बंद आणि सगळं पाणी पंपानं परत टाक्यांत चाललेलं. बरोबरचे अधिकारी एकमेकांकडे बघू लागले.

"म्हणजे तुमची यंत्रणा आज चालत नाही म्हणायचं?" येमूल मॅडमनी विचारलं.

"चालतेय," पद्मिनी म्हणाली. "आज काम पुरं झालं नाही, हे तीच सांगतेय."

"आमच्याकडं लोक असलं पाणी बघून दगड मारतील."

"आमच्याकडंही मारले असते."

तेवढ्यात बेलवाडीची एक बाई डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन पायवाटेनं तोंडाजवळच्या घाटाकडे आली. तिनं दरवाज्याकडे पाहिलं, जांभळं पाणी पाहिलं, आणि पाटी न उतरवताच वळली. येमूल मॅडमनी तिला थांबवलं.

"काय हो, परत का निघालात?"

"आज हुयाचं न्हाई," बाई म्हणाली. "ऊन पडलं की यीन."

"राग नाही येत? इतक्या लांब येऊन?"

बाईला प्रश्नच कळला नसावा. "राग कशाचा? सांगतंय की पानी," असं म्हणून तिनं कालव्याकडे मान उडवली आणि ती आल्या वाटेनं निघून गेली.

येमूल मॅडमनी अधिकाऱ्यांना वगळून थेट पद्मिनीला विचारलं, "आमच्या नदीला फरश्या पाहिजेत. रंगासकट. आमच्या कारखान्यांच्या रंगांना हाच जांभळा चालेल, का दुसरा करावा लागेल?"

"दुसरा करावा लागेल. तुमचे रंग वेगळे आहेत."

"कोण करणार?"

पद्मिनीनं भावाकडे बोट दाखवलं. तो मात्र थोडा बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. पलीकडे मुंबईचा कुणी व्यापारी होता आणि माल आजच्या आज पाठवा म्हणून हटून बसला होता. टाक्या भरत आल्यामुळे कारखान्याची मशिनं दुपारी थांबवावी लागणार होती. पूर्वीचा भूपाल अशा वेळी हात जोडत असे, बहाणे सांगत असे, रात्रपाळी लावत असे.

"नाही हो शेठ," तो शांतपणे सांगत होता. "माल परवा. आज आमच्याकडे ऊन नाही."